एकसष्ट फिती

जेलरोड, नाशिकरोड
५ जानेवारी २०२५

चिमाजीभाऊ यांस केरूचा सप्रेम जयभीम.

आधी तुमची तब्येत कशी आहे ते सांगा. कानाचं मशीन लावता की पुन्हा पेटीत घालून ठेवलं? परवा फोनवर मी "कसे आहात?" विचारलं आणि तुम्ही "कांदा अजून काढला नाही" म्हणालात, तेव्हाच ठरवलं की या माणसाला आता पत्रच लिहायचं. रवीच्या मामींचे गुडघे कसे आहेत? तिळाच्या तेलानं चोळत होत्या, उतार पडला का? तुमच्या पोराची, काळूची पाठ कशी आहे? त्याच्या पिंकीचा खोकला थांबला का? म्हैस व्याली का, आणि झालं काय, पारडी की रेडा?

आमच्याकडे माझा रवी बरा आहे, कंपनीत पाळ्या चालू आहेत. सूनबाई तेजल सकाळी नऊला शाळेच्या ऑफिसात जाते ती सहाला येते. तिची कंबर धरते, पण सांगत नाही. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तो लख्ख झालाय. उजवा अजून रांगेत उभा आहे.

राहिली वहिनी. तिची तब्येत मी शेवटाला ठेवली, कारण तिथंच हात अडतोय. एवढं लिहीपर्यंत तीनदा उठलो. चहा ठेवला, तो उतू गेला. दाराची कडी बघून आलो. पुन्हा बसलो.

भाऊ, वहिनीचं आता घरात निभत नाही. गॅस उघडा ठेवते. दोनदा घराबाहेर गेली. दुसऱ्या वेळी तिला उचलायला गेलो तो मीच आपटलो, आठ दिवस कुबडीवर होतो. दिवसभर घरात आम्ही दोघंच असतो, एक चौऱ्याऐंशीची आणि एक त्र्याहत्तरचा. मखमलाबादच्या पुढं द्राक्षबागांच्या अलीकडे एक सेवाघर आहे. स्वच्छ आहे. आरोही मॅडम म्हणून बाई सगळं बघतात, गोड बोलतात आणि खोटं बोलत नाहीत. सोळा तारखेला वहिनीला तिथं ठेवायचं ठरलंय. एक महिना बघणार. रुळली तर राहील. नाहीच रुळली, अन्नपाणी सोडलं, तर त्या ठेवून घेणार नाहीत. मग काय करायचं ते मला सुचत नाही. दुसरी सोय नाही.

तिथं सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, म्हणून हरेक वस्तूवर नाव हवं. मॅडमनी पेन दिलं होतं धुण्यात न जाणाऱ्या शाईचं. मी म्हटलं, मॅडम, पन्नास वर्षं टेलरकाम केलंय, माझ्या वहिनीच्या पोलक्यावर मी पेन चालवू काय? पांढरी सुती फीत आणली आणि लाल दोऱ्यानं एकेका फितीवर नाव काढतोय. विठाबाई पगारे. लुगड्याच्या आतल्या काठाला, परकराच्या नेफ्याला, स्वेटरच्या गळ्यात. विहारात नेसायच्या पांढऱ्या साडीला सुद्धा. एकसष्ट नग आहेत. ताट, पेला, काठी, चष्म्याचं घर आणि दातांची डबी यांच्यावर तेजलनं नेलपॉलिशनं नाव लिहिलं.

वहिनी शेजारी बसून मला फीत पुरवते. काल एक फीत उलटीसुलटी करून वाचली आणि म्हणते कशी, "विठाबाईचं एवढं सामान कुठं रे निघालं?" मी पोट धरून हसलो. तिचा विनोद अजून शाबूत आहे बघा.

एक विचारायचं होतं. ती सारखी म्हणते, "माझा तांब्या आण, नाव घातलेला." घरातले सगळे तांबे पुढं ठेवले. दादाच्या नावाचे दोन, लग्नात आलेले तीन. एकेकाकडे बघून मान हलवते. तुमच्याकडे तिचा एखादा तांब्या राहिलाय का?

रागावू नका. रागावलात तरी पत्र लिहा.

आपला
केरू


नांदगाव
१२ जानेवारी २०२५

केरूशेठ टेलर, नाशिक यांस चिमाजी आहिरेचा जयभीम.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. आमच्याकडं सगळे ठणठणीत हायेत, तुम्ही काळजी करू नका. म्हशीला पारडी झाली.

त्या म्हशीच्या कानात सरकारी माणसानं पिवळा बिल्ला मारलाय. नंबर टाकून. ढोर हरवलं तर कुणाचं ते कळावं म्हणून. तुमचं पत्र वाचलं आणि गोठ्यात जाऊन तो बिल्ला बघत उभा राहिलो. म्हशीला एक बिल्ला. माझ्या बहिणीला एकसष्ट. नाशिकची माणसं पुढारलेली, त्यांचं सगळं जास्तच.

तुमची आई मेली तेव्हा तुम्ही सात वर्षांचे होता. तापात होता. ताई तुम्हाला कडेवर घेऊन दवाखान्यात चालत गेली होती, चप्पल नव्हती पायात. तिनं तेव्हा तुमच्या अंगावर नाव लिवलं होतं का, हरवू नये म्हणून?

तिला स्वतःचं मूल झालं नाय. तुम्हीच तिचं मूल. मी रेल्वेत गँगमन होतो, घण मारून मारून कान गेले, पण अक्कल जाग्यावर हाय. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. मी अजून जिता हाय. महिना संपला की मी येतो आणि तिला घेऊन जातो. हितं तिला कुणी बिल्ला मारणार नाय.

चिमाजी


जेलरोड, नाशिकरोड
२१ जानेवारी २०२५

चिमाजीभाऊंना जयभीम.

मामी, काळू, पिंकी, सगळे ठणठणीत आहेत हे वाचून बरं वाटलं. पारडीचं नाव काय ठेवलंत?

बिल्ल्याचं लिहिलंत ते लागलं. लागायलाच पाहिजे होतं. दवाखान्याचं मी विसरलो नाही. तिच्या पाठीचा घामाचा वास मला अजून येतो. पण ते घेऊन भांडायला आज सवड नाही. इथं वेगळीच आग लागली आहे.

आधी एक कबूल करतो. वहिनी दोनदा बाहेर गेली लिहिलं, पण कुठं गेली ते लिहिलं नाही. स्टेशनावर गेली होती. खिडकीत हात घालून "नांदगाव" म्हणत होती. दुसऱ्यांदा फलाटाच्या पार टोकाला, पाय खाली सोडून बसलेली सापडली. हमालानं धरून ठेवलं म्हणून. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही "बघा, तिला माहेरी यायचंय" म्हणाला असता. म्हणून गिळलं. आणि सोळा तारखेला रिक्षात बसेना, तेव्हा मी तिला सांगितलं, "चल, नांदगावला जाऊ." लगेच बसली. डोक्यावरनं पदर घेऊन, मांडीवर पिशवी धरून. भाऊ, या तोंडानं मी खोटं बोललो.

आता पुढचं ऐका. तिथं जाऊन पाच दिवस झाले, ती गेली त्याच लुगड्यात आहे. बदलायला काही दिलं की फीत शोधते, वाचते आणि घडी करून परत देते. "विठाबाईचं आहे. तिला नेऊन द्या." सकाळी पिशवी भरून खोल्याखोल्यांतून फिरते, दारादारात विचारते, "बाई, तुम्ही विठाबाई का?" एका कळवणच्या म्हातारीनं गंमत म्हणून हो म्हटलं, तर दोन परकर आणि स्वेटर तिच्या हवाली करून आली. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणं तिला कधी जमलंय?

पण ताटाचं काय करू? ताटावर तेच नाव. पेल्यावर तेच. पुढं ठेवलं की सरकवते. "दुसरीच्या ताटात मी जेवू? ती उपाशी राहील." केळं हातात दिलं तर खाते, बिस्किट खाते, बस. आरोही मॅडम म्हणाल्या, "काका, असं आठवडाभर चाललं तर मला डॉक्टरांना सांगावं लागेल."

ताट बदलून बघितलं, बिननावाचं दिलं. तर म्हणते, "हे कोणाचं ते आधी सांगा."

मी काल गेलो. म्हटलं, वहिनी, तूच विठाबाई. तुम्हाला ठाऊक आहे, माझी शाळा पहिलीतच सुटली, पेपरवर कापडाची मापं कापता कापता मी अक्षरं शिकलो, आणि मग तिला शिकवली. पहिला शब्द तिचं नाव होता. भिंतीवर खडूनं काढलं होतं, वि-ठा-बा-ई. महिनाभर ती तेच गिरवत होती. ते नाव माझ्याच हातानं फितीवर काढलं आणि ती म्हणते, माझं नाही.

"मग तुझं नाव काय?" मी विचारलं.

म्हणाली, "ठमा."

भाऊ, ठमा हे माझ्या आईचं नाव. जिच्या धाकात ही तीन वर्षं नांदली, जिचं नाव हिनं साठ-पासष्ट वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नाही. दुसऱ्या एखाद्या बाईचं नाव ठमा निघालं तरी "आमच्या आत्याबाईंच्या नावाची" असं म्हणायची. ती बाई आता स्वतःलाच ठमा म्हणते! आपण विहारात जाणारी माणसं, भुताखेताचं मनात आणणार नाही. पण एवढं कळलं की मन पार गेलं. सासूच्या धाकात जाऊन बसलं. मला नको ते सुचलं. मी तिचे दोन्ही हात धरले आणि मोठ्यानं म्हणालो, "ठमा माझी आई होती. ती वारली. तू ठमा नाहीस. म्हण, मी विठाबाई. म्हण!"

चारदा म्हणायला लावलं. चौथ्यांदा ती रडायला लागली. म्हणाली, "ठमा मेली तर मग मी कोण हो?"

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. कालपासून घरात इकडून तिकडे फिरतोय. मशीनवर बसतो, उठतो. तेजल म्हणते, "बाबा, एका जागी बसा ना." कुठल्या जागी बसू?

तुम्हाला आमच्या आईबद्दल काही ठाऊक आहे का, तिनं वहिनीला कधी काही केलं होतं का, ते कळवा. उलट टपाली कळवा.

केरू


नांदगाव
२५ जानेवारी २०२५

केरू,

पत्र आजच हातात पडलं. लगेच लिवतोय, पोष्टमन दारात चहा पितोय, त्याच्याच हातात देणार. त्याला म्हटलं, बाबा, अजून एक कप घे.

अरे येड्या, ठमा हे तिचंच नाव!

माझ्या बहिणीचं नाव ठमा. आईबापानं ठेवलेलं. तुमच्या आईचं बी ठमा. लग्न ठरलं तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाय, कारण तुमच्याकडं सुना ते नाव घेत नव्हत्या आणि बापई माणसं तुझ्या दादाच्या नावानं खंडेरावाची आई म्हणून मोकळी. मी दहा वर्षांचा होतो. मांडवात आमचं आंदण मांडलं, काय असणार आंदण, चार भांडी. त्यात मामानं येवल्याहून आणलेला एक पितळी तांब्या. ठिपक्या ठिपक्यानं नाव ठोकलेलं. तुमच्या गावच्या मास्तरानं ते मोठ्यानं वाचलं, "ठमा." झालं. तुझी आई उठली. "घरात एकच ठमा. पोरानं बायकोला हाक मारायची आणि म्या ओ द्यायची?" सगळे हसले. ताई नाय हसली. तिथल्या तिथं विठा नाव ठेवलं, बत्तासे वाटले. आणि तांब्या आमच्या बापाच्या हातात परत दिला, की सासूच्या नावाच्या तांब्यात सून पाणी पेल, बरं दिसत नाय. वाईट बाई नव्हती रे तुझी आई. तेव्हाची रीत तशी होती. बाप तो तांब्या धोतरात गुंडाळून परत घेऊन आला.

माहेरी आली की आम्ही तिला ठमाच म्हणायचो. पण तू कायम तिच्या पदराला. तुझ्यासमोर तुझ्या आईचं नाव कसं घ्यायचं, म्हणून विठा. आता तुला कळलं, का तुला नाय ठाऊक.

तिचं मन गेलं असंल, पण गेलं ते घरी गेलं. सासूपाशी नाय.

आता माझं ऐक. तांब्या माझ्याकडंच हाय. तू पहिल्या पत्रात विचारलं होतं, मी वाचलं आणि वाचलंच नाय असं केलं. तुझा दादा गेला त्या वर्षी ती आली होती, म्हणाली, "चिमा, माझा तांब्या देतो का?" मी म्हणालो, "आता ती हितली वस्तू झाली, तुला तिकडं काय कमी हाय?" पुन्हा मागितला नाय तिनं. मळ्यात विहिरीवर ठेवलाय, चेपलाय एका बाजूनं. परवा चिंचेनं घासला. नाव हाय अजून.

आणि सगळे ठणठणीत लिवलं ते खोटं. रवीची मामी दिवाळीपासून खाटेवर हाय. उठवायला दोघं लागतात. मी ताईला नेतो म्हणालो ते तोंडानं. कुठं ठेवणार होतो? पण तुझ्यावर राग काढला.

शुक्रवारी काळू गाडीनं येईल, तांब्या घेऊन. तू त्या फिती काढ.

चिमाजी


जेलरोड, नाशिकरोड
२९ जानेवारी २०२५

चिमाजीभाऊ,

चार ओळीच लिहितो, पुढ्यात काम आहे.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "ऑफिसच्या कागदावर विठाबाई राहू द्या, कपड्यांवर त्यांचं जे नाव आहे ते लावा." काल तिचं सामान घरी आणलं. ताटापेल्यांवरचं नाव तेजलनं कापसाच्या एका बोळ्यानं पुसून टाकलं आणि सकाळीच ऑफिसला जायच्या आधी नवं लिहून पोचवून आली. फिती मात्र एकेक उसवाव्या लागतात. मी टाके बारीक घातले होते, निघू नयेत म्हणून.

नवीन फितीवर पहिलं 'ठ' काढलं आणि हात थांबला. आईचं नाव मी आयुष्यात कुठं लिहिलंच नव्हतं, शाळेच्या फॉर्मवर सुद्धा मास्तरांनीच लिहिलं होतं. तेजलनं मागून बघितलं, म्हणाली, "आजींचं नाव किती छान आहे हो. आपल्याला कुणी सांगितलंच नाही."

मामींना सांभाळा. त्यांच्याबद्दल मला आधी सांगितलं असतंत तर मी तुमच्याशी नीट भांडलो असतो.

आता उसवायला बसतो.

केरू


जेलरोड, नाशिकरोड
१७ फेब्रुवारी २०२५

चिमाजीभाऊ यांस केरूचा जयभीम.

मामींचं आधी सांगा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलवता ना? पाण्याची गादी मिळते, रवी चौकशी करतोय. काळू परत नीट पोचला का? पिंकीला द्राक्षं आवडली का? तुमच्या कानाचं मी विचारत नाही, तुम्ही ऐकणार नाही.

महिना काल पुरा झाला. आरोही मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मी पाण्याला हात लावला नाही. म्हटलं, आधी बोला. त्या म्हणाल्या, "काका, आजी राहतील." मग प्यालो.

तुमचे कष्ट कामी आले, भाऊ. काळूनं तांब्या तिच्या हातात दिला तेव्हा मी दाराशी उभा होतो. तिनं बोटानं ठिपके चाचपले, एकेक, आंधळ्या माणसासारखे. मग उठून नळावर गेली, तांब्या विसळला, भरला आणि उभ्यानं वरून घटाघटा पाणी प्याली. पदर भिजला. काळूला म्हणाली, "कुठं होता इतके दिवस?" तो बिचारा म्हणाला, "मळ्यात." ती तांब्याला विचारत होती.

त्या दिवशी ताट पुढं आलं. तिनं नाव वाचलं आणि जेवायला बसली. दोन भाकरी, मेथीची भाजी, वर ठेचा मागितला. आता रोज कपडे बदलते. कुणी चुकून तिचा टॉवेल घेतला तर फीत दाखवून परत आणते. सकाळी पिशवी घेऊन फिरत नाही. रात्रभर झोपते म्हणे. मी मात्र झोपत नाही. ते का, ते लिहायला हे पत्र घेतलंय, आणि दोन पानं झाली तरी तिथं येत नाही.

ती रुळली, भाऊ. पण ती ठमा म्हणून रुळली. ठमाचं अजून लग्न झालेलं नाही. ठमा नांदगावला आहे. ठमा आमच्या घरी आलेलीच नाही. मग तिला केरू कुठून ठाऊक असणार?

पहिल्या रविवारी गेलो तेव्हा ती माझ्याकडे बघून पदर सारखा करत उठून उभी राहिली, परक्या माणसासमोर उभं राहतात तशी. विचारलं, "कोण पाव्हणं?" माझ्या तोंडात आलं होतं, वहिनी, मी. पण मागचं रडणं आठवलं. ठमा मेली तर मग मी कोण? पुन्हा तिला तिथं न्यायचं नव्हतं. म्हणालो, "मी टेलर. तुमच्या कपड्यांवर नावं मी घातली."

म्हणाली, "सुबक घातलीत. कुठं शिकलात?"

मी म्हणालो, "एका बाईनं शिकवलं. पहिली कात्री तिनंच घेऊन दिली होती."

"भली होती," म्हणाली. आणि पोलकं पुढं केलं. "बाही सैल आहे हो, आत घ्या जराशी."

तेव्हापासून दर रविवारी जातो. सुईदोरा नेतो. तिनं दर वेळी काहीतरी काढून ठेवलेलं असतं, गुंडी, हूक, काज. मी तिथंच बाकावर बसून शिवतो. ती शेजारी बसून दोरा पुरवते, घरी फीत पुरवायची तशीच, दोन बोटांत धरून. तिच्या हाताला मी ठाऊक आहे असं वाटतं. विचारत नाही.

मागच्या रविवारी म्हणाली, "टेलर, आमच्या चिमाला एक सदरा शिवा. त्याचा फाटलाय. माप मी घेऊन देते, पण लय वाढतंय कार्टं, थोडा मोठाच करा." मी म्हणालो, करतो. कुणाचं माप घेऊ, तुमचं? तुमचं माप पाठवा खरं. छाती, खांदा, बाही, उंची. सदरा मी शिवणार आहे, हे लिहून घ्या. तुम्ही यावं असं सुद्धा वाटतं, पण ती दहा वर्षांच्या पोराची वाट बघतेय. या, पण हे मनात धरून या.

आणखी एक. उसवलेल्या फिती मी बिस्किटाच्या डब्यात घातल्या. मोजल्या तर साठच. दोनदा मोजल्या. कपाट, मशीनचा खण, सगळं उलथंपालथं केलं, तेजल वैतागली. मग ध्यानात आलं, शाल. करड्या रंगाची, दादानं घेतलेली. तिची फीत उसवायचीच राहिली होती आणि शाल तिकडे गेली. आता पुन्हा सुरू होईल, विठाबाई कोण, कुणाची शाल.

काल धावत गेलो. म्हटलं, "बाई, एक शाल होती करडी, ती जरा द्या, नाव बदलायचंय." तिनं उशीखालून काढली. चौघडी केलेली, आत डांबराची गोळी ठेवलेली. माझ्याकडे काही दिली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि म्हणाली,

"नको. ही विठाबाईची आहे. ती आली की मी देईन. तोवर राहू द्या माझ्यापाशी."

मी राहू दिली. त्या फितीला हात लावणार नाही.

आता माझं मागणं ऐका, आणि हे कांद्याच्या गडबडीत बाजूला टाकू नका. मला विठाबाई सगळी ठाऊक आहे. कुठल्या दुखण्यावर काय करायची, कुणाशी तीन वर्षं बोलली नव्हती, कुठल्या डब्यात माझ्यासाठी शेंगदाणे लपवायची, सगळं. ठमा मला ठाऊक नाही. ती कुठल्या विहिरीवर जायची? तिची मैत्रीण कोण होती? तुम्हाला मारायची का? कशाला भ्यायची? तिला काय खायला आवडायचं, आमच्या घरी येण्याआधी? दर रविवारी मी तिच्यापाशी दोन तास बसतो आणि बोलायला माझ्याकडे काही नसतं, नुसतं "बाही कितपत आत घेऊ?" एवढंच.

तेव्हा लिहा. जेवढं आठवेल तेवढं लिहा, अक्षराची काळजी करू नका, मी लावून घेईन. पुढच्या रविवारच्या आत हातात पडेल असं टाका.

वाट बघतो.

केरू टेलर